नाव, प्रभाग, पोच: मुंबईतल्या नव्या मतदाराने कुठून सुरुवात करावी

एक वही घ्या आणि पहिल्या पानावर चार गोष्टी लिहा: आपला लोकसभा मतदारसंघ, विधानसभा मतदारसंघ, महापालिकेचा निवडणूक प्रभाग आणि महापालिकेचा प्रशासकीय विभाग. पहिल्या दोन पटकन सापडतात. गोंधळ होतो तो शेवटच्या दोन गोष्टींत, कारण बोलताना आपण दोन्हींना 'वॉर्ड'च म्हणतो.

अक्षराचा वॉर्ड वेगळा आणि आकड्याचा वॉर्ड वेगळा. अक्षराचा, म्हणजे प्रशासकीय विभाग: कुलाबा ए विभागात, दादर पश्चिम जी उत्तरमध्ये, कुर्ला एलमध्ये, घाटकोपर एनमध्ये, गोवंडी एम पूर्वमध्ये, मुलुंड टीमध्ये. या विभागाचा प्रमुख सहायक आयुक्त असतो. तो नेमलेला अधिकारी, निवडून आलेला नव्हे. आकड्याचा, म्हणजे निवडणूक प्रभाग: मुंबईत असे २२७ आहेत आणि प्रत्येकातून एकच नगरसेवक निवडून येतो. ठाण्या-पुण्यात एका प्रभागातून अनेक जण निवडले जातात, त्यामुळे तिकडच्या नातेवाइकांचा अनुभव इथे जसाच्या तसा लागू होत नाही. एका अक्षरी विभागात अनेक प्रभाग येतात. खड्ड्याची तक्रार अक्षराकडे करायची, आणि तक्रार दाबली जातेय असं वाटलं की आकड्याकडे, म्हणजे नगरसेवकाकडे जायचं.

उदाहरणार्थ, शिवाजी पार्कला राहणाऱ्याची नोंद अशी होईल: मुंबई दक्षिण मध्य लोकसभा, माहीम विधानसभा, जी उत्तर विभाग, आणि मग प्रभागाचा क्रमांक. दादरला राहणाऱ्या कितीतरी जणांना आपला आमदार 'माहीम'चा असतो हे मतदान केंद्रावर पोहोचल्यावर कळतं. प्रभागाचा क्रमांक आईवडिलांच्या जुन्या चिठ्ठीवरून उतरवू नका. प्रभागरचना बदलली की क्रमांक आणि हद्द दोन्ही सरकू शकतात. मोठे प्रशासकीय विभागही अलीकडे फोडले गेले आहेत, मालाडचा पी उत्तर हे त्यातलं एक उदाहरण.

मुंबईत जिल्हाधिकारी कार्यालयंही दोन आहेत. मुंबई शहर जिल्ह्याचं फोर्टात जुन्या जकातघरात, आणि मुंबई उपनगर जिल्ह्याचं वांद्रे पूर्वेला. शहरात विधानसभेच्या १० जागा आणि उपनगरात २६. मतदार नोंदणीचं काम या दोन जिल्ह्यांमार्फत चालतं, महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसमार्फत नाही.

यादीत नाव आणणे

१९८८ च्या ६१ व्या घटनादुरुस्तीने मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं. नोंदणीसाठी पूर्वी १ जानेवारी ही एकच अर्हता तारीख होती. आता वर्षात चार आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. यांपैकी ज्या तारखेला तुमची १८ वर्षं पूर्ण झालेली असतील त्या तारखेनुसार नाव चढतं. १७ वर्षं पूर्ण झाली की अर्ज आगाऊ देता येतो, आणि तो तसाच द्यावा. बारावीच्या परीक्षेनंतरची सुट्टी यासाठी उत्तम, कारण पुढे कॉलेज सुरू झालं की हे काम मागे पडतं.

अर्ज तीन लक्षात ठेवा. नवीन नावासाठी फॉर्म ६. नाव वगळण्यासाठी किंवा एखाद्या नोंदीला हरकत घेण्यासाठी फॉर्म ७. पत्ता बदलणं, चुकीची दुरुस्ती आणि हरवलेलं ओळखपत्र यांसाठी फॉर्म ८. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे घर बदलल्यावर पुन्हा फॉर्म ६ भरणं. त्यामुळे नाव दोन ठिकाणी लागतं, आणि दोन ठिकाणी नाव असणं कायद्याला मान्य नाही. नोंदणी आधी झालेली असेल तर फॉर्म ८ भरायचा.

अर्ज भारत निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर किंवा आयोगाच्या मोबाइल ॲपवर भरता येतो. कागदावर भरून मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे सगळे ज्याला बीएलओ म्हणतात त्याच्याकडेही देता येतो. चौकशीचा क्रमांक १९५०. जोडायचं ते इतकंच: एक फोटो, वयाचा एक पुरावा आणि पत्त्याचा एक पुरावा. वयासाठी जन्मदाखला, आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा जन्मतारीख असलेलं दहावी-बारावीचं प्रमाणपत्र चालतं. पत्त्यासाठी पाणी, वीज किंवा गॅसचं बिल, आधार, बँकेचं किंवा टपाल खात्याचं पासबुक, पासपोर्ट, नोंदणीकृत भाडेकरार किंवा खरेदीखत. वाहन परवाना वयासाठी चालतो, पत्त्याच्या यादीत तो नाही. अनेकांचा अर्ज नेमका इथे अडकतो.

चाळीत, पागडीच्या खोलीत किंवा वस्तीत राहणाऱ्यांना पत्त्याचा पुरावा स्वतःच्या नावावर मिळत नाही. त्याची गरजही नाही. आई किंवा वडील त्याच पत्त्यावर आधीपासून मतदार असतील तर त्यांच्या नावावरचं वीजबिल चालतं. अर्जात त्यांचा मतदार ओळखपत्र क्रमांक मात्र नीट लिहा. यादीतलं काहीच हाताशी नसेल तरी अर्ज द्या, बीएलओने घरी येऊन पडताळणी करण्याची सोय आहे. भाड्याने राहणाऱ्यांनी करार नोंदणीकृत आहे की नुसता स्टॅम्प पेपरवरचा आहे ते आधी पाहावं. गावाहून शिकायला आलेल्या आणि वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी गाव की मुंबई हे एकदाच ठरवावं. वसतिगृहाच्या पत्त्यावर नोंदवायचं असेल तर संस्थेचा बोनाफाईड दाखला लागतो.

पत्ता भरताना खोली क्रमांक, इमारतीचं किंवा चाळीचं नाव, गल्ली, जवळची खूण आणि पिनकोड, सगळं लिहा. एकाच परिसरात तीन-तीन 'साई दर्शन' असतात. पिनकोड चुकला तर नाव शेजारच्या यादी भागात, म्हणजे दुसऱ्या मतदान केंद्राच्या यादीत, जाऊन बसतं आणि मतदान केंद्र दोन किलोमीटर लांब येतं. पोर्टल तुमचं नाव इंग्रजीतून आपोआप मराठीत उतरवतं. ते तसंच पुढे ढकलू नका. 'कदम'चं 'कडम' आणि 'शेळके'चं 'शेलके' याच टप्प्यावर होतं, आणि मग दुरुस्तीला आणखी एक फॉर्म ८.

अर्ज गेला की संदर्भ क्रमांक मिळतो. तो वहीत. त्यानंतर हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागतात, बीएलओची पडताळणी होते आणि मतदार नोंदणी अधिकारी निर्णय देतो. बीएलओ आला तेव्हा घराला कुलूप होतं, हे अर्ज नामंजूर होण्याचं मुंबईतलं नेहमीचं कारण आहे. घरात कोणीच दिवसा नसेल तर शेजाऱ्यांना किंवा सोसायटीच्या वॉचमनला सांगून ठेवा आणि पोर्टलवर दर आठवड्याला स्थिती बघा. नामंजुरीचा निर्णय पटला नाही तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं.

पुनर्विकासात गेलेल्या इमारतींबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण या शहरात सर्वाधिक नावं इथे गळतात. इमारत पाडली, कुटुंब संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या घरात गेलं. बीएलओ जुन्या पत्त्यावर जातो तर तिथे पत्रे आणि खोदलेला पाया. रहिवासी स्थलांतरित अशी नोंद होते आणि पुढच्या पुनरीक्षणात, म्हणजे यादीच्या फेरतपासणीत, नाव वगळण्याच्या यादीत जातं. नोटीस जाते ती त्याच पत्त्यावर, जिथे ती घ्यायला कोणी नाही. म्हणून घर सोडतानाच ठरवा. बाहेर राहण्याचा काळ मोठा असेल तर नव्या पत्त्यावर फॉर्म ८ भरा. काही महिन्यांचाच प्रश्न असेल तर प्रारूप (कच्ची) यादी प्रसिद्ध झाली की सोसायटीतल्या सगळ्यांची नावं एकत्र तपासा. एका सोसायटीत हे काम एका तरुणाने अंगावर घेतलं तर दोन संध्याकाळींत उरकतं, आणि वयस्कर माणसांची नावं वाचतात.

ओळखपत्र हातात आहे म्हणजे यादीत नाव आहे असं नाही. मत यादीवर चालतं. निवडणुका जवळ आल्या की नाव, यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक पुन्हा तपासा. विधानसभा-लोकसभेसाठी नवीन अर्ज उमेदवारी दाखल करण्याच्या शेवटच्या दिवसाच्या साधारण दहा दिवस आधीपर्यंत घेतले जातात. महापालिकेचं तसं नाही. ती निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो आणि विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेला गोठवून तिची प्रभागनिहाय फोड करतो. १५ जानेवारी २०२६ च्या मतदानासाठी १ जुलै २०२५ ची यादी वापरली गेली. त्यानंतर १८ पूर्ण झालेल्यांना, ओळखपत्र मिळालेलं असूनही, मत देता आलं नाही. ही गोष्ट आधी माहीत असती तरी त्या मुलांना उपयोग झाला नसता, पण पुढच्या वेळी शेवटच्या महिन्यात धावाधाव करणाऱ्यांना नक्की होईल.

मतदानाच्या दिवशी

ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना, फोटो असलेलं पासबुक अशा पर्यायी कागदांपैकी एक मूळ प्रतीत न्या. कॉलेजचं ओळखपत्र चालत नाही. मतदार चिठ्ठी एकटी ओळख म्हणून चालत नाही. मोबाइल मतदान केंद्रात नेता येत नाही, म्हणून 'आधार फोनमध्ये आहे' हे उत्तर दारातच निकामी ठरतं. महापालिकेची वेळ वेगळी असू शकते. २०२६ ला ती सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच होती. वेळ संपण्याआधी रांगेत असाल तर मत देता येतं, कोणी घरी पाठवलं तर ऐकू नका. तुमच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं असेल तर परत फिरू नका. केंद्राध्यक्षाकडे ओळख पटवून 'प्रदत्त मत' मागा. ते कागदी मतपत्रिकेवर घेतलं जातं आणि त्याची नोंद राहते.

तक्रार कशी लिहायची

मत हे पाच वर्षांतून एकदा. महापालिकेच्या बाबतीत तर ७ मार्च २०२२ ला मुदत संपल्यावर जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. त्या काळात ज्यांना तक्रार लिहिता येत होती, माहिती मागता येत होती, त्यांचंच शहराशी काही बोलणं चाललं होतं. म्हणून पुढचा भाग मतदानापेक्षा कमी महत्त्वाचा समजू नका.

आधी मालक शोधा. गल्लीतला रस्ता, गटार, कचरा, पाणी, पदपथ, दिवे हे महापालिकेचं. रेल्वेच्या हद्दीतला पूल रेल्वेचा, म्हाडा वसाहतीतल्या काही गोष्टी म्हाडाच्या, बंदराच्या जमिनीवरचा रस्ता बंदर प्राधिकरणाचा, सोसायटीच्या फाटकाच्या आतलं सोसायटीचं. हे बदलतही असतं. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग २०२२ पर्यंत एमएमआरडीएकडे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) होते, मग महापालिकेकडे आले. 'आमच्या अखत्यारीत नाही' असं उत्तर आलं तर चिडू नका, 'मग कोणाच्या?' हे लेखी विचारा. ते उत्तरही कागदच असतं.

महापालिकेची तक्रार १९१६ वर, ॲपवर किंवा विभाग कार्यालयात देता येते. एका तक्रारीत एकच गोष्ट. कचरा आणि दिवा एकत्र लिहिलात तर तक्रार एका खात्याकडे जाते, तिथे अर्धं काम होतं आणि ती बंद होते. जागा अशी सांगा की अनोळखी माणूस तिथे पोहोचेल: रस्त्याचं नाव, कोणत्या दुकानासमोर, दिव्याच्या खांबावर रंगवलेला क्रमांक. फोटोत आजूबाजूची पाटी येऊ द्या. नुसत्या खड्ड्याचा जवळून काढलेला फोटो कुठलाही असू शकतो.

लेखी अर्ज देणार असाल तर दोन प्रती न्या. एक द्यायची आणि दुसऱ्यावर आवक विभागाचा शिक्का, तारीख, क्रमांक घ्यायचा. याला पोच म्हणतात. साहेबांना भेटलो, त्यांनी 'बघतो' म्हटलं, चहाही पाजला, पण पोच नसेल तर कार्यालयाच्या लेखी तुम्ही गेलाच नाही. खिडकीवरचा कर्मचारी 'ठेवून जा' म्हणाला तर शांतपणे थांबा, शिक्का मिळतो.

काम न होता तक्रार 'निकाली' दाखवली तर नवी तक्रार करताना जुन्या तक्रारीचा क्रमांक पहिल्याच ओळीत लिहा. पायऱ्या अशा: त्या खात्याचा दुय्यम अभियंता, मग सहायक अभियंता, मग विभागाचा सहायक आयुक्त, मग परिमंडळाचा, म्हणजे काही विभागांच्या गटाचा, उपायुक्त. मुंबईत अशी सात परिमंडळं आहेत. पहिल्याच दिवशी थेट आयुक्तांना पत्र लिहू नका. ते शिक्के खात खाली त्याच दुय्यम अभियंत्याकडे येतं आणि मध्ये तीन आठवडे जातात.

माहितीचा अर्ज

माहितीचा अधिकार अधिनियम २००५ चा. महाराष्ट्रात अर्ज 'जोडपत्र अ' या नमुन्यात करतात, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावतात. राज्य शासनाच्या ऑनलाइन पोर्टलवरूनही अर्ज जातो. राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे. झेरॉक्सचे पानाला दोन रुपये. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही. उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो.

अर्ज फसतो तो प्रश्नाच्या रूपामुळे. 'आमचा रस्ता दरवर्षी का खचतो?' या प्रश्नाचं उत्तर माहिती अधिकारी देत नाही, आणि कायद्याने तो बांधलेलाही नाही. कायदा अस्तित्वात असलेली नोंद देतो, कारणमीमांसा नाही. म्हणून 'का' सोडून कागदाचं नाव मागायचं. त्याच रस्त्यासाठी असं लिहा:

'अमुक रस्ता, अमुक चौक ते अमुक चौक. कालावधी १ एप्रिल २०२३ ते आजपर्यंत. (१) या रस्त्यावर झालेल्या कामांच्या कार्यादेशांच्या प्रती. (२) प्रत्येक कामाचा दोषदायित्व कालावधी दर्शवणारं पान. (३) मोजमाप पुस्तकातील संबंधित पानांच्या प्रती. (४) अदा केलेल्या देयकांच्या प्रती. (५) दोषदायित्व कालावधीत कंत्राटदाराला पाठवलेल्या दुरुस्तीच्या नोटिसांच्या प्रती.'

कार्यादेश म्हणजे कंत्राटदाराला काम करायला दिलेला लेखी आदेश, आणि मोजमाप पुस्तक म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहिलेली वही. पाच कागदांत सगळं येतं. दोषदायित्व कालावधी चालू असेल तर खड्डा कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने बुजवायचा असतो, आणि पाचव्या मुद्द्याला 'नोटीस पाठवलेली नाही' असं उत्तर आलं तर तेच तुमच्या पुढच्या तक्रारीचं मुख्य वाक्य. मोजमाप पुस्तकात लिहिलेली डांबराची जाडी आणि रस्त्याच्या तुटलेल्या कडेला दिसणारी जाडी यांची तुलना शाळेतली पट्टी घेऊनही करता येते.

कागद फार असतील तर प्रती मागण्याऐवजी अभिलेख, म्हणजे कार्यालयातल्या फाइली आणि नोंदी, पाहण्याची मागणी करा. पहिला तास विनामूल्य असतो. शिवाय राज्य शासनाच्या २०१८ च्या परिपत्रकानुसार जिल्हा पातळीवरच्या आणि महापालिकांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहायला द्यायचे आहेत. जाताना त्या परिपत्रकाची प्रत छापून न्या, सगळ्याच कर्मचाऱ्यांना ते आठवत नाही.

३० दिवसांत उत्तर नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील, वीस रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह. ही पायरी गाळू नका. पुष्कळ माहिती याच सुनावणीत मिळते, कारण वरिष्ठासमोर कागद न देण्याचं कारण सांगावं लागतं. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील करता येतं. तिथे निकालाला बराच काळ लागतो, तेव्हा प्रश्न तातडीचा असेल तर त्याच वेळी मागणी आणखी नेमकी करून नवा अर्जही द्या.

नगरसेवक, अर्थसंकल्प, हरकती

नगरसेवकाकडे जाताना तोंडी गाऱ्हाणं न नेता एका पानाचं निवेदन न्या: जागा, तक्रारींचे क्रमांक, मिळालेली उत्तरं, आणि नेमकं काय हवं. नगरसेवक सभागृहात 'ठरावाची सूचना' मांडू शकतो. ती मंजूर झाली की आयुक्तांच्या अभिप्रायासाठी जाते. तुमचा विषय सूचनेपर्यंत पोहोचला का, हे महिन्याभराने विचारायला हवं. प्रभाग समितीत तिथल्या नगरसेवकांबरोबर सामाजिक संस्थांचे कमाल तीन प्रतिनिधी नेमण्याची तरतूद आहे, त्या जागा भरल्या आहेत का तेही विचारा.

महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. आयुक्तांना तो दरवर्षी ५ फेब्रुवारीपर्यंत स्थायी समितीपुढे, म्हणजे पैशांचे निर्णय घेणाऱ्या नगरसेवकांच्या समितीपुढे, मांडावा लागतो. म्हणजे तुमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेची किंवा मैदानाची मागणी जानेवारीच्या शेवटी नेऊन उपयोग नाही. ती ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये विभाग कार्यालयात आणि नगरसेवकाकडे, पोच घेऊन, पोहोचलेली असावी. 'मैदान सुधारा' असं लिहू नका. 'मैदानाला दोन दिवे, पिण्याच्या पाण्याचा एक नळ, पूर्वेकडच्या भिंतीची दुरुस्ती' असं लिहिलं तर त्याचा खर्च काढता येतो.

हरकती-सूचनांचं दार सर्वांत कमी वापरलं जातं, आणि त्याची ताकद मोठी आहे. मुंबईच्या विकास आराखड्याचा २०१५ मधला मसुदा हजारो हरकती आल्यावर मागे घेतला गेला आणि नव्याने केला गेला. लहान पातळीवरही हे चालतं. झाड तोडण्याचा प्रस्ताव असेल तर झाडावरच नोटीस लावायची असते आणि हरकतीला अवघे सात दिवस मिळतात. कॉलेजला जाता-येता अशी नोटीस दिसली की फोटो काढा, त्यावरचा क्रमांक आणि तारीख वाचली जाईल असा. हरकतीत 'झाडं वाचवा' एवढंच लिहिलं तर ती मोजली जाते, विचारात घेतली जात नाही. झाडाची जात, अंदाजे घेर, काम झाड न तोडता कसं होऊ शकतं, आणि तोडायचंच असेल तर पुनर्रोपण कुठे व देखभाल कोणाकडे, एवढे मुद्दे हवेत. स्वतःचं नाव, पत्ता, सही घाला. निनावी हरकतीला सुनावणीचं बोलावणं येत नाही. आणि एका अर्जावर शंभर सह्या नेण्यापेक्षा दहा जणांनी दहा वेगळ्या मुद्द्यांचे दहा अर्ज द्यावेत, कारण उत्तर अर्जागणिक द्यावं लागतं. त्या दहाही अर्जांची पोच कोण सांभाळणार, ते अर्ज देण्याच्या आदल्या दिवशीच ठरवून ठेवा.